पाना कोणाच्या हातात?

३० ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी गुजरातमध्ये मोरबीचा झुलता पूल तुटला आणि १३५ माणसांचा जीव गेला. मोरबीच्या बातम्या टीव्हीवर चालू असतानाच, उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर तालुक्यातल्या शिवपुराच्या झुलत्या पुलावर काही पर्यटकांनी चारचाकी घातली. मारुती, आणि नंबरप्लेट महाराष्ट्राची. खाली काळी नदीचं पाणी, वर पायी माणसांसाठी बांधलेला, तारांवर लोंबणारा अरुंद पूल. गावकरी गाडीसमोर उभे राहिले. वादावादी झाली. शेवटी गाडी रिव्हर्समध्ये घालून मागे न्यावी लागली.

त्या पर्यटकांना देशभर शिव्या बसल्या आणि त्या बसायलाच हव्या होत्या. पण मला त्या प्रसंगातले गावकरी जास्त महत्त्वाचे वाटतात. पूल कागदावर कोणत्या खात्याचा आहे हे विचारायला ते थांबले नाहीत. पोलिसांना फोन लावून वाट बघत बसले नाहीत. पूल गेला तर आपली शाळा, आपला दवाखाना, आपला बाजार गेला, एवढं त्यांना माहीत होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

सिंधुदुर्गात साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, असा आडवा येणारा माणूस कोण आहे? मालवण तालुक्यात, कुडाळात, देवगडात, वेंगुर्ल्यात? हा प्रश्न मी खवचटपणे विचारत नाही. मला खरंच नाव हवं आहे.

आपला जिल्हा म्हणजे पाण्यानं जागोजागी कापलेला मुलूख. सह्याद्रीवरून निघालेलं पाणी थोड्याच अंतरात समुद्राला मिळतं. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. गड नदी, कर्ली, आचऱ्याची खाडी, वाघोटन, तेरेखोल ही मोठी नावं झाली. त्यांना मिळणारे व्हाळ, म्हणजे ओढे, तर मोजायचेच नाहीत. दोन वाड्यांच्या मध्ये व्हाळ, घर आणि मळ्याच्या मध्ये व्हाळ, देवळाच्या वाटेवर व्हाळ. मे महिन्यात चप्पल न काढता ओलांडावा असा, आणि जुलैत म्हैस वाहून नेईल असा. माणगाव खोऱ्यातल्या आंबेरीच्या कॉजवेवर निर्मला नदीचं पाणी चढलं की पलीकडच्या गावांचा संपर्क तुटला, ही बातमी जिल्ह्यानं किती पावसाळे वाचली आहे! म्हणून इथं साकव लागतो. शहरातल्या माणसाला साकव म्हणजे फोटो काढायची जागा वाटते. इथल्या माणसाला तो रस्ता असतो. आणि रस्ता म्हटला की त्यावरून दुचाकी जाणारच.

जुना साकव लाकडाचा असायचा. माडाची नाहीतर पोफळीची दोन-तीन खोडं जोडून टाकलेली, धरायला एका बाजूला चिव्याची काठी. ती खोडं पावसात कुजायची. कुजायची म्हणून बदलावी लागायची. बदलावी लागायची म्हणून मिरगाच्या आधी वाडीतले चार बाप्ये कोयते-दोऱ्या घेऊन व्हाळावर जमायचे, जुनं खोड पायानं दाबून बघायचे, पोकळ लागलं की काढून टाकायचे. त्याला कुणी तपासणी म्हणत नव्हतं, पण दरवर्षी न चुकता होणारी, ज्याला चालायचं आहे त्यानंच केलेली ती तपासणी होती. मग लोखंड आलं. चॅनेल, अँगल, चेकर्ड प्लेट, वायररोप. लोखंड कुजत नाही असं सगळ्यांना वाटलं आणि वाडी घरी बसली. साकव सरकारी झाला. जुन्या साकवाला दरवर्षी कुणीतरी पाय लावून बघत होतं. नव्याला उद्घाटनानंतर कुणी हात लावला नाही.

लोखंडाला काही होत नाही, हा समज मालवणच्या किनाऱ्यावर तरी कुणी बाळगू नये. इथलं वारं खारं आहे. ज्याच्या घराची खिडकीची जाळी चार वर्षांत हातात येते, ज्याच्या स्कूटरचा सायलेन्सर मुंबईकराच्या आधी सडतो, त्याला हे सांगायला नको. वायररोपवर जस्ताचा मुलामा असतो. तो आहे तोवर आतली तार सुरक्षित. खाऱ्या हवेत तो मुलामा लवकर झिजतो. आणि झिजतो तो दिसतो तिथं नाही. मोकळी तार वाऱ्यानं वाळते. गंज धरतो तिथं, जिथं पाणी थांबतं: लोंबत्या सळीच्या खालच्या टोकाला, क्लॅम्पच्या पोटात, आणि सगळ्यात घातक म्हणजे मुख्य दोर काठावरच्या काँक्रीटमध्ये शिरतो त्या तोंडाशी. तिथं पालापाचोळा साठतो, माती चढते, वर गवत उगवतं. पूल ज्याच्या जोरावर उभा, ती जागा गवताखाली.

आमच्या भागातल्या एका लोखंडी साकवाचा एक नट मी जवळून बघितला. त्याचे सहा कोपरे कधीच गेले होते. वर चंदेरी रंगाचा ताजा हात होता, आणि रंगाखाली गंज फुगलेला. नखानं उचकटल्यावर चिरोट्याचे पापुद्रे सुटावेत तसे लोखंडाचे थर सुटले. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूच्या कितीतरी पट जागा व्यापतो. म्हणून नट बाहेरून जाडजूड दिसतो आणि आतला बोल्ट करंगळीएवढा उरलेला असतो. अशा नटावर पाना बसत नाही, बसला तर फिरतो. तो रंग कुणीतरी मारला, त्याचं बिल कुणीतरी काढलं, आणि रंग मारताना त्या माणसाचा हात त्या नटावरून गेला. त्याला ते कळलं नसेल हे मला पटत नाही. शेजारीच क्लिपा लावलेला दोर होता. वायररोपला यू-आकाराची क्लिप लावताना तिची पाठ ज्या बाजूला ताण आहे त्या दोरावर बसवायची असते आणि वाकडी सळी रिकाम्या टोकावर, नाहीतर ती ताणाच्या दोरालाच चावते. हे कुठलाही जाणता फिटर डोळे मिटून सांगेल. त्या साकवावर तीन क्लिपांतल्या दोन उलट्या होत्या. बाजूच्या घरातल्या आजींना विचारलं, कुणी येऊन बघतं का? त्या म्हणाल्या, "हयसर कोण बघूक येता? मतांच्या वक्ताक येतत." एवढं बोलून त्या कामाला लागल्या.

आता साकवावरून गाडी नेण्याविषयी. कारण बाहेरचा माणूस उपदेश करतो की पादचारी पुलावर दुचाकी घालू नका, आणि त्याला ती वेळ कधी आलेली नसते. पलीकडच्या वाडीतून बाजाराला जायचं, तर साकवावरून पाच मिनिटं आणि रस्त्यानं पाऊण तास. आजारी माणूस मागे बसलेला. पायात गॅसचा सिलिंडर. अशा माणसाला "बंदी आहे" म्हणून परत पाठवणारा सूचनाफलक माझ्या लेखी निर्लज्ज आहे, कारण बंदी घालणाऱ्यानं दुसरी वाट दिलेली नाही.

तारेवरच्या पुलावर दुचाकी चालवणं हे रस्त्यावर चालवण्यासारखं नसतं. चाकाखालचा भाग दबतो आणि पुढचा वर येतो, त्यामुळे गाडी सारखी चढावर असल्यासारखी वाटते. पुलाच्या मध्यावर गेलात की आडवा झोका सुरू होतो. समोरून कुणी चालत आलं की त्याच्या पावलांची लाट आणि आपल्या चाकाची लाट एकमेकींना भिडते आणि हँडल हातात थरथरतं. घाबरून ब्रेक दाबला की पूल पुढे ढकलला जातो, झोका वाढतो. कडेच्या सळ्या हँडलच्या उंचीला असतात. एक हिसका, आणि हँडलचं टोक सळीत अडकतं. पावसात चेकर्ड प्लेटवर शेवाळ धरलेलं. म्हणून जाणती माणसं मागच्याला खाली उतरवतात, पहिल्या गिअरमध्ये, मधोमध, ब्रेकला हात न लावता, आणि एका वेळी एकच गाडी, अशी नेतात. सगळ्यात बरं म्हणजे उतरून धरून न्यायची. "बसान जाव नको, धरून चल रे," असं काठावरून कुणीतरी ओरडतं तेव्हा पोरांनी ऐकावं. उतरल्यानं वजन कमी होत नाही, पण वेग आणि ब्रेकचे धक्के जातात.

वजनाविषयीही एक गैरसमज काढायला हवा. स्कूटर, वर दोन माणसं आणि भरलेला सिलिंडर धरला तर पावणेतीनशे किलोच्या आसपास होतात. पादचारी पूल चौरस मीटरला चारशे किलो, गर्दीच्या जागी पाचशे किलो भार धरून आखायचा, असा आपल्याकडचा संकेत आहे. म्हणजे एका स्कूटरपेक्षा खेटून उभी राहिलेली गर्दी पुलाला जड. स्कूटरचा त्रास निराळा: तिचा सगळा भार दोन चाकांच्या टीचभर जागेत येतो, गंजलेली प्लेट नाहीतर कुजलेली फळी तिथंच फुटते. पूल मात्र तुटतात ते गर्दीनं. मोरबीला गर्दी होती. १८ मे २०१७ ला गोव्यात सावर्डे-कुडचड्याचा पोर्तुगीज काळातला पादचारी पूल पडला, तेव्हा नदीत उडी घेतलेल्याचा शोध बघायला लोक त्यावर जमले होते. पूल तर वापरासाठी बंद केलेला होता. १५ जून २०२५ ला, रविवारी, मावळात इंदोरीजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला, चार माणसं गेली. तिथंही पावसाचं पाणी बघायला आलेली गर्दी, त्यात दुचाक्या, आणि काठावर धोक्याचा फलक.

फलक होता. प्रत्येक ठिकाणी फलक असतो. धोक्याचा फलक लावणं म्हणजे प्रशासनानं स्वतःची सुटका करून घेणं, याला काम म्हणू नये. पूल धोकादायक आहे हे ज्याला कळलं, त्याचं काम तिथून सुरू होतं. एक तर दोन्ही तोंडं पक्की बंद करा आणि त्याच दिवशी पर्यायी वाट द्या, नाहीतर दुरुस्त करा. पत्र्यावर लाल अक्षरं लिहून घरी जाणं हा तिसरा मार्ग कायद्यानं बंद व्हायला हवा.

मोरबीच्या तपासात काय निघालं ते आपल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत वाचून दाखवावं असं मला वाटतं. पूल १८७९ मधला, मुंबईचे गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांच्या हस्ते खुला झालेला. देखभालीचं कंत्राट घड्याळं बनवणाऱ्या कंपनीकडे. महिनोन्महिने बंद ठेवून, नवी जमीन बसवून, २६ ऑक्टोबर २०२२ ला तो खुला केला आणि चौथ्या दिवशी तुटला. तपास पथकाला दिसलं की मुख्य दोर सात पेडांचा, प्रत्येक पेडात सात तारा, म्हणजे एकूण ४९. त्यांतल्या २२ आधीच गंजून गेलेल्या होत्या. उरलेल्या २७ तारांवर तो दिवाळीची गर्दी पेलत होता. पायाखालची जमीन नवी होती, लोकांना दिसणारं सगळं नवं होतं. दोर जुनाच.

हे आजचं नाही. फ्रान्समध्ये आंजे गावात १६ एप्रिल १८५० ला वादळात सैन्याची एक तुकडी झुलता पूल ओलांडत होती. पूल तुटून दोनशेहून जास्त सैनिक मेले. पावलांच्या तालानं पूल झुलला हे लोकांच्या लक्षात राहिलं. पण दोरांची टोकं काठावर जिथं चुन्यात गाडलेली होती, जिथं कुणाला बघता येत नव्हतं, तिथं ती गंजलेली निघाली. त्यानंतर फ्रान्सनं वीसेक वर्षं झुलते पूल बांधणं जवळपास सोडूनच दिलं. पावणेदोनशे वर्षं झाली आणि आपण अजून तीच टोकं गवताखाली ठेवतो आहोत.

मालवणकराला मात्र आंजे किंवा मोरबीपर्यंत जायची गरज नाही. राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी उभारलेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्याच्या सहा दिवस आधी, २० ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मालवणच्या अभियंत्यानं नौदलाच्या अधिकाऱ्याला लेखी कळवलं होतं की पावसानं आणि खाऱ्या वाऱ्यानं नट-बोल्टांना गंज चढतो आहे. पुतळा कशानं पडला यावर खूप बोलणं झालं, राजकारणही झालं. मला त्या पत्राची तारीख सोडत नाही. गंज दिसला होता, कागदावर आला होता, जावक क्रमांक मिळाला होता. आणि तरीही त्या सहा दिवसांत पडणं टळलं नाही, कारण ज्यानं बघितलं त्याची ती वस्तू नव्हती आणि ज्याची वस्तू होती तो इथं नव्हता. जिथं मुख्यमंत्री-पंतप्रधानांचं लक्ष होतं तिथं ही गत, तर खाडीच्या आतल्या वळणावरच्या साकवाचं पत्र कोण लिहील आणि कुणाला?

साकवाची मालकी हा आपल्याकडचा अवघड प्रश्न करून ठेवला आहे. बांधला जिल्हा नियोजनाच्या पैशातून, बांधून घेतला जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागानं नाहीतर सार्वजनिक बांधकामनं, वापरते ग्रामपंचायत, आणि एक टोक एका गावात तर दुसरं दुसऱ्यात. सरपंच म्हणतो आमच्याकडे हस्तांतर झालेलं नाही. विभाग म्हणतो काम पूर्ण करून दिलं. दोघेही कदाचित खरं बोलत असतील. पूल खोटं बोलत नाही, तो गंजत राहतो. राष्ट्रीय महामार्गावरच्या पुलांची देशव्यापी नोंद २०१६ पासून झाली. वाडीतल्या साकवाला त्या नोंदीत जागा नाही. तो नकाशावरही सापडत नाही.

नोंद असून भागतं असंही नाही. महाडच्या सावित्रीवरचा १९२८ चा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला आणि दोन एसट्या पोटात घेऊन गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या गाड्यांची नावं कोकणात अजून कुणी विसरलेलं नाही. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे मनात आणलं की आपल्याला होतं; माणसं मेल्यावर मनात येतं, एवढाच तो हिशोब आहे आणि तो मला मान्य नाही. गेल्या काही वर्षांतली दुसरी आठवण ७ ऑगस्ट २०२४ ची: गोव्याहून कारवारला जाताना लागणारा काळी नदीवरचा जुना महामार्ग-पूल मध्यरात्रीनंतर कोसळला. ट्रकचालक वाचला. चाळीस-एक वर्षांचाच पूल तो, आणि खाडीच्या तोंडावरचा, आपल्यासारख्याच हवेतला.

ज्यांना पूलच नाही त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय हा विषय सोडता येत नाही. कालावल खाडीत मसुऱ्याजवळ खोतजुवा आहे, हडीकडे पाणखोल जुवा आहे. चारी बाजूंनी पाणी, आणि वर्षानुवर्षं होडी हाच रस्ता. शाळेची पोरं होडीनं, बाळंतीण होडीनं, प्रेतही होडीनं. खाडीतल्या वाळूच्या उपशानं काठ खचतात ती तक्रार वेगळीच. या लोकांनी पुलाची मागणी केली की आकडे सांगितले जातात: घरं किती, मतं किती, खर्च किती. आणि याच जिल्ह्यात वैभववाडी तालुक्यात नापण्याच्या धबधब्यावर २०२५ च्या पावसाळ्यात काचेचा पूल झाला. पर्यटनाला माझा विरोध नाही, नापण्याच्या लोकांना चार पैसे मिळत असतील तर मिळोत. पण पर्यटकानं पाणी खालून वाहताना बघावं म्हणून पूल होतो, आणि त्याच पाण्यावरून रोज शाळेत जाणाऱ्या मुलीसाठी होत नाही, हा प्राधान्यक्रम ज्यांनी लावला त्यांना तो बदलायला सांगितलंच पाहिजे.

अशा ठिकाणी झुलता पूल हा चांगला उपाय आहे हे मी ठामपणे म्हणतो. खाडीत खांब रोवावे लागत नाहीत, भरती-ओहोटीला अडथळा नाही, होड्या खालून जातात, खर्च मोठ्या पुलाच्या मानानं फार कमी. आपल्या खालीच, दक्षिण कन्नडमधल्या सुळ्याचे अभियंते गिरीश भारद्वाज यांनी १९८९ मध्ये पयस्विनी नदीवर आरंबूरला पहिला झुलता पादचारी पूल बांधला आणि पुढं असे शंभराहून जास्त पूल अनेक राज्यांतल्या तुटलेल्या गावांसाठी उभे केले. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं काम आपल्यापासून दूर नाही, हवाही तशीच, पाऊसही तसाच.

आणि देखभालीसाठी नेपाळकडं बघावं. तिथं डोंगरदऱ्यांत असे झुलते पूल दहा हजारांच्या घरात आहेत. बहुतेक ठिकाणी पुलाची वापरकर्ता समिती गावाची असते, आणि एका गावकऱ्याला पुलाचा राखणदार नेमतात. तो नट आवळतो, टोकांजवळची माती-गवत काढतो, पाण्याचा निचरा बघतो, तुटलेली जाळी बांधतो. त्याच्या आवाक्याबाहेरचं काही दिसलं की वर कळवतो, आणि वर ऐकणारं कार्यालय ठरलेलं असतं. पन्नास वर्षं टिकायला हवा असा पूल या एका माणसामुळे टिकतो. आपल्या वाडीतले चार बाप्ये मिरगाच्या आधी हेच करत होते. आपण ते लोखंडाच्या भरवशावर सोडलं.

म्हणून प्रत्येक साकवाला, मग तो झुलता असो की चॅनेलवरचा, एक नेमलेला माणूस हवा. वाडीतलाच, रोज त्यावरून जाणारा. त्याला महिन्याला मानधन हवं, पान्यांचा संच, ग्रीसचा डबा, तारेचा ब्रश, जस्ताचा प्रायमर हवा, आणि दोन दिवसांचं शिक्षण हवं. जिल्ह्याच्या मुख्यालयात, ओरोसला, बैठका घेऊन हे होणार नाही. मालवण-कुडाळच्या आयटीआयतल्या फिटरच्या मास्तरांनी साकवावर उभं राहून शिकवावं, पोरांनी तिथंच उलटी क्लिप सुलटी करून दाखवावी. काठावर उद्घाटनाच्या संगमरवराशेजारी एक साधा पत्रा हवा: हा साकव कोणत्या कार्यालयाचा, एका वेळी माणसं किती, दुचाकी चालेल की नाही, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला, राखणदाराचा फोन. संगमरवरावर नावं मावतात तर पत्र्यावर तारीखही मावेल. आणि दोन्ही तोंडांना मधोमध एक लोखंडी खांब, की ज्यातून माणूस आणि फार तर सायकल-स्कूटर जाईल, छोटा हत्ती जाणार नाही. तो खांब रात्री कापणारे आपल्यातलेच असतात, विटा नाहीतर चिरे पलीकडे न्यायला. त्यांना गावानं अडवलं पाहिजे, शिवपुऱ्यानं मारुती अडवली तसं, समोर उभं राहून.

खर्चाचं रडगाणं मला कुणी ऐकवू नये. एक साकव पडल्यावर नवा बांधायला जेवढे लागतात त्यात एका राखणदाराचं कित्येक वर्षांचं मानधन निघतं, आणि ज्याचं माणूस गेलं त्याच्या घरी दिलेल्या धनादेशाचा हिशोब मी यात धरलेला नाही.

ग्रामसभा १ मेला असते. तिथं दोन प्रश्न विचारायचे आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायचं: आपल्या गावच्या हद्दीतले साकव कोणकोणते, आणि प्रत्येकाची शेवटची तपासणी कुणी, कधी केली. उत्तर नसेल तर "उत्तर नाही" असंच लिहायला लावायचं, खाली सह्या घ्यायच्या, आणि ती प्रत दुसऱ्या दिवशी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात आवक शिक्का मारून द्यायची. १ मे ते मिरग, मध्ये पाच आठवडे मिळतात. तेवढ्यात गवत काढून दोराची टोकं उघडी करता येतात, गंजलेले नट खडूनं खुणावता येतात, त्यांचे फोटो काढता येतात, आणि ज्या साकवाचे निम्मे नट खडूनं भरले तो पहिल्या पावसाआधी बंद करून तिथं होडी लावायला भाग पाडता येतं.